हरभऱ्याचा कोणता वाण? : निवड-चौकटींच्या तक्त्याचा शेतीकामात उपयोग

रब्बी हंगाम तोंडावर आला म्हणजे गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो : ह्या वर्षी हरभऱ्याचा कोणता वाण घ्यावा? पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याजवळ स्वतःच्या पाहणीखेरीज फारसे साधन नसे. आता परिस्थिती पालटली आहे. प्रात्यक्षिक प्लॉटांच्या नोंदी, माती परीक्षणाचे निष्कर्ष, मंडळनिहाय पावसाचे आकडे, पीक कापणी प्रयोगांतून मिळालेले उत्पादन असे साहित्य संगणकावर किंवा खिशातील मोबाइलवर तक्त्याच्या रूपाने ठेवता येते. शेकडो ओळींच्या अशा तक्त्यातून नेमकी हवी ती माहिती वेगळी काढणे आणि तिच्यावरून हिशेब मांडणे हे काम निवड-चौकटींच्या साहाय्याने काही क्षणांत होते. ह्या चौकटी कशा बसवाव्यात हे शिकण्यास एक दुपार पुरते. त्यांतून निघालेल्या आकड्यावर केव्हा विश्वास ठेवावा व केव्हा ठेवू नये हे समजण्यास मात्र थोडा विचार करावा लागतो. त्या आकड्यावरून शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेणार असतो. तेव्हा हा विचार टाळता येण्यासारखा नाही.

चौकटींचे प्रकार

संगणकावरील आकडेमोडीचा तक्ता प्रथम १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ ह्या नावाने बाजारात आला. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन ह्यांनी तो तयार केला. आज एक्सेल, लिब्रे ऑफिसमधील कॅल्क, गूगल शीट्स इत्यादी निरनिराळ्या स्वरूपांत तोच प्रकार वापरात आहे. ह्या तक्त्यांत वाचकाने स्वतः काही निवडावे किंवा भरावे म्हणून ज्या जागा ठेवतात त्यांना येथे निवड-चौकटी म्हटले आहे.

सर्वांत साधी चौकट म्हणजे यादीची, तिला ड्रॉप-डाऊन म्हणतात. चौकटीवर बोट ठेवले की गावांची किंवा पिकांची यादी उघडते व तीतील एक नाव निवडता येते. एक्सेलमध्ये ‘डेटा’ ह्या विभागातील ‘डेटा व्हॅलिडेशन’ उघडून ‘लिस्ट’ हा पर्याय घेतला व यादी कोठे लिहिली आहे ते दाखविले म्हणजे ती तयार होते. दुसरी चौकट आकड्याची. तीत शेतकऱ्याचे क्षेत्र, खताच्या पिशवीचे वजन किंवा पावसाची मर्यादा लिहावयाची असते. कोणता आकडा चालेल व कोणता चालणार नाही ह्याची अट ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्येच घालता येते. तिसरी चौकट म्हणजे स्लायसर. २०१० च्या एक्सेलपासून तो मिळू लागला. ह्यात सर्व पर्याय बटणांसारखे समोर मांडलेले असतात. ‘बागायत’ ह्या बटणावर बोट ठेवताच तक्त्यात केवळ बागायत प्लॉटांच्या ओळी उरतात. सभेत भिंतीवर तक्ता दाखवावयाचा असल्यास स्लायसर अधिक सोईचा, कारण काय निवडले आहे ते मागच्या रांगेतील शेतकऱ्यासही दिसते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. स्लायसर आणि रकान्याच्या माथ्यावरील फिल्टरचा बाण हे ओळी झाकतात. यादीची चौकट स्वतः काहीच झाकत नाही. तीत लिहिलेले नाव वाचून हिशेब करणारे सूत्र दुसरीकडे लिहावे लागते. ‘सम-इफ्स’, ‘ॲव्हरेज-इफ्स’ व ‘काउंट-इफ्स’ ही अशी सूत्रे होत. निवडलेले गाव व निवडलेले पीक ज्या ओळींत आढळेल त्यांचीच बेरीज, सरासरी किंवा गणती ती देतात.

तक्ता कसा असावा

चौकटी कितीही चांगल्या बसविल्या तरी मूळ तक्ता विस्कळीत असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. एका प्लॉटची एका हंगामाची नोंद एका ओळीत असावी. मध्येच गावाची बेरीज लिहिलेली ओळ नसावी, दोन गावांच्या मध्ये शोभेसाठी कोरी ओळ सोडू नये. फिल्टर लावताना संगणक पुष्कळदा कोरी ओळ आली म्हणजे तक्ता संपला असे समजतो व खालच्या ओळी चाळणीबाहेरच राहतात. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहावे. एखाद्याने ‘१२ क्विं.’ असे एकाच जागी लिहिले की संगणकाच्या लेखी ती अक्षरे झाली, संख्या राहिली नाही; बेरीज करताना ती मुकाट्याने गाळली जाते.

गावांच्या नावांचा घोळ तर सर्वांच्या परिचयाचा आहे. एकाने पिंपळगाव लिहावे, दुसऱ्याने जुन्या वळणाने पिंपळगांव. वाचणाऱ्या माणसास दोन्ही एकच, परंतु संगणकास ती दोन गावे वाटतात. त्यामुळे गावाच्या नावाचा रकाना यादीच्या चौकटीनेच भरावयाचा, हाताने लिहावयाचा नाही, असा नियम नोंदी सुरू करतानाच घालून द्यावा. दुसऱ्या ठिकाणाहून नकल करून चिकटविलेला मजकूर ही यादीची अट सहज चुकवितो, हेही विसरू नये. नोंदी चिकटविल्यानंतर फिल्टरचा बाण उघडून नावांची यादी एकदा नजरेखालून घालावी. तीत एक गाव दोनदा दिसले की दोष लगेच उमगतो.

चाळणीखालचे धान्य

चाळणी फिरविली म्हणजे बारीक दाणे खाली पडतात, पण ते नाहीसे होत नाहीत. फिल्टरचेही तसेच आहे. झाकलेल्या ओळी तक्त्यात असतातच. साधे ‘सम’ हे सूत्र झाकलेल्या व उघड्या अशा सर्व ओळींची बेरीज करते. ‘सबटोटल’ हे सूत्र फिल्टरने झाकलेल्या ओळी वगळून उरलेल्यांची बेरीज करते. दोघांची उत्तरे एकाच पानावर शेजारीशेजारी पडली म्हणजे मोठी फसगत होते.

उदाहरणादाखल असे समजावे की तालुक्याच्या तक्त्यात ४० प्लॉट असून त्यांचे एकूण क्षेत्र १६ हेक्टर आहे. एका गावाची निवड केली असता १० ओळी उरतात. त्यांचे क्षेत्र ४ हेक्टर व उत्पादन ६० क्विंटल भरते. हेक्टरी उत्पादन १५ क्विंटल झाले. आता उत्पादनाची बेरीज ‘सबटोटल’ने व क्षेत्राची बेरीज ‘सम’ने केलेली असेल, तर संगणक ६० क्विंटलांना १६ हेक्टरांनी भागून पावणेचार क्विंटल हे उत्तर देईल. पावणेचार हा आकडा इतका कमी आहे की तो कोणाच्याही डोळ्यांत भरेल. परंतु निवडलेल्या गावात ४० पैकी ३५ प्लॉट असते, तर चूक थोड्या अंतराची झाली असती आणि ती कोणाच्या लक्षात न येता अहवालात गेली असती.

‘सबटोटल’ लिहिताना त्यात प्रथम एक क्रमांक द्यावा लागतो. बेरजेसाठी ९ किंवा १०९ लिहितात. फिल्टरने झाकलेल्या ओळी दोन्ही क्रमांक वगळतात. हाताने लपविलेल्या ओळीही वगळावयाच्या असतील तर १०९ घ्यावा. सरासरीसाठी हेच क्रमांक १ व १०१ आहेत.

सरासरीविषयी येथेच सांगितले पाहिजे. हेक्टरी उत्पादनाच्या रकान्याची सरळ सरासरी काढण्याची सवय सर्वत्र आढळते. तीन शेतकऱ्यांची क्षेत्रे ०.४, ०.४ व २ हेक्टर असून त्यांना हेक्टरी अनुक्रमे ३०, २८ व १६ क्विंटल उत्पादन झाले असेल, तर सरळ सरासरी २४.७ क्विंटल येते. प्रत्यक्षात तिघांचे मिळून ५५.२ क्विंटल धान्य २.८ हेक्टरांतून निघाले, म्हणजे हेक्टरी १९.७ क्विंटल. गावात किती माल निघेल ह्याचा अंदाज करावयाचा असेल तर दुसरी पद्धतच योग्य. तिच्यासाठी एकूण उत्पादनाचा वेगळा रकाना ठेवून त्याच्या बेरजेस क्षेत्राच्या बेरजेने भागावे, आणि दोन्ही बेरजा ‘सबटोटल’च्याच असाव्यात.

एक चाळणी आणि दोन चाळण्या

आता हरभऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. समजा, एका परिसरात दोन वाणांचे प्रत्येकी १० सारख्या आकाराचे प्लॉट घेतले. तक्त्यात वाण, पाण्याची सोय व हेक्टरी उत्पादन असे रकाने आहेत. पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत.

कार्यकर्त्याने वाणाच्या चौकटीत पहिला वाण निवडला. सरासरी आली हेक्टरी १७.८ क्विंटल. दुसरा वाण निवडला, तेव्हा ती १३.२ क्विंटल आली. साडेचार क्विंटलांहून अधिक फरक! एवढ्यावर बहुतेक जण पहिल्या वाणाची शिफारस करून मोकळे होतील. चौकट बरोबर आहे, सूत्र बरोबर आहे, आकडाही बरोबर आहे.

त्याने आणखी एक चौकट वापरली असती तर? पाण्याच्या चौकटीत ‘बागायत’ निवडले असता पहिल्या वाणाचे ८ प्लॉट दिसतात व त्यांची सरासरी २० क्विंटल आहे. दुसऱ्या वाणाचे बागायत प्लॉट दोनच असून त्यांची सरासरी २२ आहे. ‘कोरडवाहू’ निवडले असता पहिल्या वाणाचे २ प्लॉट ९ क्विंटल देतात आणि दुसऱ्या वाणाचे ८ प्लॉट ११ क्विंटल देतात. म्हणजे पाणी असो वा नसो, दुसरा वाण पहिल्यापेक्षा हेक्टरी २ क्विंटल सरस ठरतो. पहिला वाण वरचढ दिसला तो विहिरीच्या पाण्यावर. ज्यांच्याकडे पाणी होते त्यांनी तो अधिक घेतला होता, एवढेच त्यातील रहस्य.

ह्यात कोणीही आकड्यांशी खोटेपणा केलेला नाही. दहा प्लॉटांच्या सरासरीत ८ बागायत व २ कोरडवाहू ह्यांचे मिश्रण होते, दुसऱ्या दहांत तेच प्रमाण उलटे होते. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब स्वतः करून पाहावा. पहिल्या वाणाचे आठ विसा १६० आणि दोन नव्वे १८ मिळून १७८, दुसऱ्याचे दोन बावीस ४४ आणि आठ अकरा ८८ मिळून १३२. दहाने भागले की वरील दोन सरासऱ्या मिळतात.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. त्याने सभेत पहिला आकडा ऐकून पहिला वाण पेरला तर हेक्टरी दोन क्विंटलांचे नुकसान त्याच्या पदरात पडेल, आणि त्याचे कारण त्यास कधीही कळणार नाही. त्याचे पीक जेमतेम आले ह्याचा दोष तो पावसास देईल.

तेव्हा दोन वाण, दोन खते किंवा दोन पेरणीच्या तारखा ह्यांची तुलना करताना पाण्याची सोय, जमिनीचा प्रकार व पेरणीची वेळ ह्यांच्या चौकटी एकामागून एक लावून पाहाव्यात. प्रत्येक निवडीबरोबर किती प्लॉट उरले हा आकडा सरासरीच्या शेजारीच दिसेल अशी व्यवस्था करावी. त्यासाठी ‘काउंट-इफ्स’ वापरावे. वरील उदाहरणात दुसऱ्या वाणाचे बागायत प्लॉट दोनच होते. दोन प्लॉटांच्या सरासरीवर छातीठोक शिफारस करता येत नाही हेही तेवढेच खरे. एखाद्या प्लॉटास रानडुकरांनी उपद्रव दिला किंवा एखादा प्लॉट गावठाणाजवळच्या खतावलेल्या जमिनीत पडला की दोनांची सरासरी कोठल्या कोठे जाते. कोरडवाहूच्या आठ प्लॉटांवरही तोच आक्षेप घेता येईल, कारण त्यांच्यासमोर पहिल्या वाणाचे दोनच आहेत. प्रामाणिक उत्तर असे द्यावे लागेल की दुसरा वाण चांगला असण्याची चिन्हे आहेत, आणि पुढील हंगामात दोन्ही वाण बागायतीत व कोरडवाहूत समसमान घालून पाहावेत. चाळण्या वाढत गेल्या की प्रत्येकीत धान्य कमी राहते. ह्या दोन गोष्टींचा मेळ घालणे हे कार्यकर्त्याच्या समजुतीचे काम आहे. ते सूत्रावर सोपविता येत नाही.

‘सर्व’ ह्या पर्यायाविषयी एक सूचना. यादीत ‘सर्व गावे’ असा पर्याय ठेवून सूत्रात त्याच्या जागी तारकेचे चिन्ह वापरण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. तारका म्हणजे कोणताही मजकूर. परंतु कोरी जागा म्हणजे मजकूर नव्हे. ज्या ओळीत गावाचे नाव भरावयाचे राहून गेले असेल ती ओळ ‘सर्व’ निवडूनही हिशेबात येत नाही. एकूण ओळींची संख्या आणि ‘सर्व’ निवडल्यावर येणारी संख्या ह्यांचा ताळा घ्यावा.

एकर, गुंठे आणि युरिया

आकड्याच्या चौकटीचा सर्वांत उपयुक्त प्रकार म्हणजे खताच्या मात्रेचा तक्ता. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश ही मात्रा आपल्याकडे सर्वसाधारणपणे सांगितली जाते. शेतकऱ्यास मात्र दुकानात नत्र मिळत नाही, युरिया मिळतो. युरियात ४६ टक्के नत्र, डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद, सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश असते. क्षेत्राची एक चौकट व स्फुरदयुक्त खताच्या निवडीची दुसरी चौकट ठेवली म्हणजे बाकी हिशेब संगणक करतो.

एका शेतकऱ्याचे गव्हाचे क्षेत्र १ एकर २० गुंठे आहे असे घेऊ. गावात हे क्षेत्र १.२० असे लिहिण्याची रीत आहे, आणि नेमका येथेच घात होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे १ एकर २० गुंठे म्हणजे दीड एकर. संगणक १.२० ह्याचा अर्थ एक एकर व एकराचा पाचवा हिस्सा असा घेतो. म्हणजे एक एकर आठ गुंठे. हेक्टरांत सांगावयाचे तर खरे क्षेत्र ०.६०७ आणि संगणकाने धरलेले ०.४८६.

खऱ्या क्षेत्रास ७२.८ किलो नत्र, ३६.४ किलो स्फुरद व २४.३ किलो पालाश लागते. ‘डीएपी’ निवडले तर डीएपी ७९ किलो, युरिया सुमारे १२७ किलो व म्युरेट ऑफ पोटॅश साडेचाळीस किलो. १.२० लिहून विचारले असता संगणक डीएपी ६३ किलो व युरिया १०२ किलो सांगतो. युरियात २५ किलोंची व डीएपीत १६ किलोंची तूट. गंमत अशी की पिशव्यांचा हिशेब वरच्या पूर्णांकात केला तर ४५ किलोंच्या युरियाच्या तीन पिशव्या आणि ५० किलोंच्या डीएपीच्या दोन पिशव्या हेच उत्तर दोन्ही वेळा येते. दुकानातील खरेदीत चूक दिसत नाही. ती शेतात पडते, आणि उरलेली अर्धी-पाऊण पिशवी पाहून शेतकऱ्यास बचत झाल्याचे समाधान वाटते.

ह्यावर उपाय सोपा आहे. क्षेत्रासाठी एक चौकट ठेवण्याऐवजी एकर व गुंठे ह्यांच्या दोन चौकटी ठेवाव्यात. गुंठ्यांच्या चौकटीस ० ते ३९ ह्यांमधील पूर्णांकच चालेल अशी अट घालावी. गुंठ्यांना ४० ने भागून ते एकरांत मिळवावे व बेरजेस २.४७१ ने भागावे, की हेक्टर मिळतात. सातबारा उताऱ्यावरून क्षेत्र घ्यावयाचे असेल तर ते हेक्टर व आर ह्यांत असते. १०० आर म्हणजे एक हेक्टर. त्यासाठी एककाची वेगळी यादी-चौकट ठेवावी. चौकटीवर बोट ठेवताच ‘येथे गुंठे लिहा’ असा मराठी मजकूर दिसण्याची सोयही ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्येच आहे. ती वापरण्याचा आळस करू नये.

स्फुरदाच्या चौकटीत डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट निवडले असता त्याचे वजन सुमारे २२८ किलो येते व युरिया १५८ किलोंवर जातो, कारण डीएपीतून मिळणारे सव्वाचौदा किलो नत्र आता युरियातूनच द्यावे लागते. निवड बदलताच दोन्ही आकडे एकदम बदलतात हे शेतकऱ्यास डोळ्यांनी दाखविता येते. डीएपी मिळत नाही म्हणून सुपर फॉस्फेट घेतले आणि युरिया पूर्वीइतकाच ठेवला, ही चूक अशा एका प्रात्यक्षिकाने जितकी पटते तितकी व्याख्यानाने पटत नाही. हप्त्यांचा हिशेबही ह्याच तक्त्यात बसवावा. अर्धे नत्र पेरणीच्या वेळी व अर्धे सुमारे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या सुमारास द्यावयाचे असते. वरील क्षेत्रास डीएपीबरोबर पेरणीच्या वेळी युरिया ४८ किलो व पुढे ७९ किलो असा तो पडतो. दोन हप्ते युरियाच्या पिशव्यांचे समान भाग करून दिले तर पेरणीच्या वेळी डीएपीतील नत्र जादा पडते, ही गोष्टही त्यातून उघड होते.

मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद व पालाश ह्यांचे वर्ग दिलेले असतात. त्यांनुसार मात्रा कमी-अधिक करण्याची जी शिफारस त्या विभागास लागू असेल तिच्या टक्केवारीसाठी एक चौकट ठेवावी. टक्केवारी सूत्राच्या पोटात लिहून टाकू नये. शिफारस बदलली की सूत्रे शोधत बसावे लागते आणि एखादे जुनेच राहून जाते.

शून्य आणि कोरी जागा

पावसाच्या तक्त्यात मर्यादेची चौकट फार कामास येते. २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस पडलेला दिवस पावसाळी दिवस मानतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी धरतात. हवामान खात्याच्या वर्गवारीत मात्र जोरदार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. ६४.८ मिलिमीटरचा एखादा दिवस एका मर्यादेने यादीत येतो व दुसरीने बाहेर जातो. म्हणून मर्यादा कोणती ते चौकटीत स्पष्ट दिसले पाहिजे.

पाऊस न पडल्यास शून्य लिहावे, आणि मोजला गेला नसल्यास जागा कोरी ठेवावी. हा नियम साधा वाटतो, पण पाळला जात नाही. एका आठवड्याच्या नोंदी १२, ०, कोरी, ०, ३०, कोरी, ८ अशा आहेत असे समजू. २.५ हून कमी पावसाचे दिवस ‘काउंट-इफ’ने मोजले तर दोन येतात, कारण ते सूत्र कोऱ्या जागा मोजत नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘इफ’ लिहून तीच अट तपासली तर चार येतात, कारण तेथे कोरी जागा शून्य धरली जाते. एकाच रकान्यावरून पावसाच्या खंडाचे दोन निरनिराळे आकडे! खंडाचे दिवस मोजून ज्यावर पीकनुकसानीचे निवेदन तयार व्हावयाचे, तेथे कोरे दिवस वेगळे मोजून त्यांची संख्या निवेदनातच द्यावी.

तारखेची निवड करतानाही सावध असावे. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते व ती मागील चोवीस तासांची असते. सोमवारी सायंकाळी पडलेला पाऊस मंगळवारच्या तारखेस सापडेल. शेतकरी सोमवार म्हणतो आणि तक्ता सोमवारी शून्य दाखवितो, ह्यावरून त्यास खोटे ठरविणे अन्यायाचे होईल.

अहवाल देताना

तक्ता एकाहून अधिक जण वापरत असतील तर आदल्या माणसाची निवड तशीच राहून जाते. सकाळी एकाने ‘कोरडवाहू’ निवडून काम केले, दुपारी दुसऱ्याने तालुक्याची बेरीज उतरवून घेतली, आणि बागायत क्षेत्र अहवालातून गळले, असे सहज घडू शकते. काम सुरू करताना सर्व फिल्टर काढून टाकण्याची सवय लावावी. गूगल शीट्समध्ये ‘फिल्टर व्ह्यू’ घेतला तर एकाची निवड दुसऱ्याच्या पडद्यावर उमटत नाही. भरावयाच्या चौकटी पिवळ्या रंगाच्या ठेवाव्यात व सूत्रांच्या जागा कुलूपबंद कराव्यात, म्हणजे चुकून सूत्रावर आकडा लिहिला जाणार नाही.

आकड्याबरोबर निवडही कागदावर उतरली पाहिजे. त्यासाठी तक्त्याच्या माथ्यावर एक ओळ अशी ठेवावी की तीत चौकटींतील निवड आपोआप वाक्यरूपाने येईल : ‘गाव सर्व, पीक हरभरा, पाणी कोरडवाहू, प्लॉट १०’. मजकूर जोडण्यासाठी ‘अँड’ ह्या इंग्रजी चिन्हाचा उपयोग होतो. छपाई करताना किंवा मोबाइलवरून चित्र पाठविताना ही ओळ कापली जाणार नाही अशा ठिकाणी ती असावी. पुढच्या हंगामात कोणी तोच आकडा पुन्हा काढू पाहील, तेव्हा त्यास त्याच चौकटी त्याच रीतीने लावता येतील, आणि मधल्या काळात नव्या नोंदी पडल्या असतील तर फरक कोठून आला हेही प्लॉटांच्या संख्येवरून कळेल.